विद्यापीठाची नोकरी, कारेलीबागेतलं घर आणि एकतीस ऑक्टोबर: एका स्थलांतराचं प्रकरण

बडोद्यात विद्यापीठाच्या महेकम शाखेत माझी तेहतीस वर्षं गेली. महेकम म्हणजे आपली आस्थापना, पण बडोद्यातला मराठी माणूसही कचेरीत महेकमच म्हणतो. रजा, लिअन (रजेवर असताना मूळ जागेवर राहणारा हक्क), सेवापुस्तकं, परदेशी जाण्याची ना-हरकत पत्रं, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. निवृत्त झालो तरी लोक कागद घेऊन घरी येतात. चहा घेतात, फाइल पुढे सरकवतात आणि एक प्रश्न विचारतात. दहापैकी सात वेळा त्यांनी विचारायला हवा असलेला प्रश्न निराळाच असतो. हे प्रकरण त्या सातांतलं.

लिहायला कुटुंबाची परवानगी आहे, पण नावं नकोत असं ठरलं. म्हणून त्यांच्या घरातल्या हाकाच वापरतो: आई, बाबा, चिऊ आणि आजी. आजी म्हणजे बाबांची आई.

यात कोणी कोणाला फसवलं नाही, कोणाचा व्हिसा नाकारला गेला नाही. तरी लिहायला घेतलं, कारण यातली चूक हिशेबात पक्क्या आणि कागदपत्रांत मुरलेल्या माणसांकडून झाली. घर कधी हलवायचं ते त्यांनी बडोद्याच्या वेळापत्रकावर ठरवलं. वार्षिक परीक्षा, करभरणीचा हंगाम, आजीचा मोतीबिंदू, गणपती. पण ज्या तारखांवर सगळं अवलंबून होतं त्या होत्या तिकडच्या.

घर

आई शहराबाहेरच्या एका अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. २०२४ साली वय ३९, पीएच.डी. होऊन नऊ वर्षं झालेली. बाबांची रावपुऱ्यात एका जुन्या इमारतीत जिना चढून डाव्या हाताला कचेरी. जीएसटीची रिटर्नं, प्राप्तिकर, दुकानदारांचे हिशेब. चाळीसेक गिऱ्हाईकं, त्यातली निम्मी वडिलांच्या वेळची. चिऊ पाचवीत, इंग्रजी माध्यमात. घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी. कोणती भाषा कुठे संपते हे तिला कधी सांगावं लागलं नाही. आजी ७४ वर्षांच्या. कारेलीबागेतल्या तळमजल्यावरच्या घरात फाटकाकडे तोंड असलेली खोली त्यांची. येणाराजाणारा आधी त्यांना दिसतो.

मे २०२४ मध्ये आईला इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका विद्यापीठाचं पत्र आलं. तीन वर्षांची संशोधनाची नेमणूक, २ सप्टेंबर २०२४ ते ३१ ऑगस्ट २०२७. पगार वर्षाला ४१ हजार पौंड.

गुणाकार

नातेवाइकांनी लगेच गुणाकार केला. त्रेचाळीस लाख! बाबांनी त्याच संध्याकाळी वहीच्या पाठकोऱ्या पानावर वजाबाकी मांडली. ते पान मी पाहिलंय. पेन्शनला पगाराचे ६.१ टक्के. पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नाही, त्यापुढे २० टक्के प्राप्तिकर, शिवाय नॅशनल इन्शुरन्स या सरकारी विम्याचे ८ टक्के. महिन्याला हातात साधारण २,६०० पौंड. दोन खोल्या आणि हॉलच्या घराला ९५० भाडं, कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिकडच्या नगरपालिकेची घरपट्टी, दीडशेच्या आसपास, हिवाळ्यात गॅस-विजेचे आणखी तेवढेच. किराणा, बस, फोन. आणि या बाजूला बाबांची मिळकत जवळजवळ बंद. पानाच्या तळाशी त्यांनी लिहिलं होतं: "शिल्लक आहे. थोडी आहे."

त्या पानावर एक आकडा नव्हता. तो जूनमध्ये कळला. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळासाठी कामाला जाणाऱ्याने आरोग्यसेवेचा अधिभार व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरायचा असतो, तोही सगळ्या वर्षांचा एकदम. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड आणि अठराखालच्या मुलाला ७७६ पौंड झालेला. तीन वर्षांचे एका प्रौढाचे ३,१०५, मुलीचे २,३२८. त्यावर व्हिसाची फी तेव्हा माणशी ७१९. आईचे पैसे विद्यापीठ पावत्या पाहून परत देणार होतं. कुटुंबाचे नाही. म्हणजे बाबा आणि चिऊ मिळून ६,८७१ पौंड, तेव्हाच्या भावाने सव्वासात लाखांच्या वर, खिशातून, विमानाचं तिकीट काढायच्या आधी.

नेमणुकीच्या पत्रावर एकाच माणसाचं नाव असतं, हे अशा वेळी दिसतं. आईला मी विचारलं, मुलाखतीत किंवा नंतर कुटुंबाच्या खर्चाबद्दल बोललीस का? ती म्हणाली, "काका, मागितलं तर नोकरीच काढून घेतील असं वाटलं." पत्र हातात आल्यावर आणि सही करण्याआधी जे दोन आठवडे असतात, तेवढ्यातच काही मागता येतं. नाही म्हणाले तर नाही म्हणतील. ही माणसं सही आधी करतात आणि मग माझ्याकडे येतात.

कॉलेजकडून बिनपगारी रजा मिळाली, लिअन कायम ठेवून. पण दोन वर्षांची. तिसऱ्या वर्षासाठी पुन्हा अर्ज करायचा, आणि परत आल्यावर ठरावीक काळ नोकरी करण्याचं हमीपत्र. तिकडची नेमणूक तीन वर्षांची, इकडचं दार दोन वर्षं उघडं. परदेशी पाठवताना परतीचं आधी लिहून घ्यायचं ही या गावाची जुनी रीत. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार करून घेतला. आमच्या शाखेत कोणी हमीपत्रावर कुरकुर केली की जुने हेडक्लार्क हा दाखला द्यायचे. तो करार पुढे कसा संपला आणि या शहरात त्या माणसाला डोकं टेकायला जागा का मिळाली नाही, हे मात्र ते सांगायचे नाहीत.

मार्चचा बेत

बेत असा ठरला. आईने ऑगस्टअखेर एकटीने जायचं. बाबा आणि चिऊ मार्चअखेर, वार्षिक परीक्षा झाली की. कारणं चार होती आणि चारही मला तेव्हा पटली असती. मुलीचं वर्ष वाया जाऊ नये. कराच्या हंगामात गिऱ्हाईकं सोडता येत नाहीत. आजींचा डावा डोळा डिसेंबरात करायचा होता. आणि चौथं बाबांचं खास: अधिभार अर्ध्या वर्षाच्या हिशेबानेही घेतात. मार्चअखेर निघालं तर नेमणुकीची अडीच वर्षांहून कमी मुदत उरते, म्हणजे तीनऐवजी अडीच वर्षांचेच पैसे. दोघांचे मिळून ९०५ पौंड वाचतात. लाखभर रुपये.

बाबांना दुसरा एक आकडा तोंडपाठ होता, १८२. नोकरीसाठी देश सोडणारा माणूस त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर इथल्या कराच्या दृष्टीने अनिवासी ठरतो, तिकडच्या पगारावर इथे कर लागत नाही. आई २३ ऑगस्टला निघणार, म्हणजे १४५ दिवस. त्यांनी ते बोटावर मोजून दाखवलं. तिचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथलं खातं, करून घ्यायचं, पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं पण नवं उघडता येत नाही, हेही ठाऊक. एवढं जाणणारा माणूस. तरी घोटाळा झाला, आणि तो कराच्या कायद्यात नव्हताच.

आईच्या विषयामुळे तिला एटीएएस नावाचा सुरक्षा-तपासणीचा दाखला आधी लागला, त्यात दीड महिना गेला. मग व्हिसा. २३ ऑगस्टला अहमदाबादहून विमान.

तिसऱ्या दिवशी जन्माष्टमी होती आणि पाऊस सुरू झाला.

ओल्या फायली

ऑगस्ट २०२४ चा पूर बडोदेकर विसरणार नाहीत. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २५ फूट. नदी त्याच्या कितीतरी वर गेली. कारेलीबाग, फतेगंज, अकोटा, समा. लोकांच्या अंगणात मगरी आल्या. आजींना वरच्या मजल्यावरच्या बेननी हाताला धरून नेलं, "बा, उपर आवो." बाबांनी फ्रिज टेबलावर चढवला, चिऊची पुस्तकं माळ्यावर टाकली. लोखंडी कपाटाचा खालचा खण राहिला.

त्या खणात लग्नाचा दाखला होता. पाणी ओसरल्यावर फाइल उघडली तर शिक्क्याची जांभळी शाई सगळ्या पानावर पसरलेली, नावाच्या जागी नुसता ढग. चिऊचा जन्मदाखला मात्र कोरडा ठणठणीत, कारण बाबांनी तो लॅमिनेट केला होता. तेहतीस वर्षं मी लोकांना ओरडत आलो, दाखले लॅमिनेट करू नका, कचेरीत चालत नाहीत. बाबा आता मला भेटले की तेवढंच ऐकवतात.

उरलेले कागद आजींनी वाळवले. दिवाळी अंकांचा जुना गठ्ठा वरच्या बेनकडे सुरक्षित होता. प्रत्येक दोन पानांत एक ओला कागद, वर पाटा. रोज संध्याकाळी उघडायचं, कागद पुढच्या कोरड्या पानांत सरकवायचा, पुन्हा पाटा. आठ दिवस. बाबांची पदवी, सेवानोंदी, घराचा दस्त असं सगळं त्यांनी वाचवलं. आई हे फोनवर पाहत होती, नव्या शहरात, भाड्याच्या एका खोलीत, शेजारच्या खाटेवर न उघडलेली बॅग. ती सप्टेंबरात मला म्हणाली, "घरी कागद वाळत होते तेव्हा मी इथे प्रयोगशाळेच्या सुरक्षेचं प्रशिक्षण घेत होते, काका. डोळे धुवायचा नळ कुठे आहे ते दाखवत होते." तिने एवढंच सांगितलं.

पुरामुळे मार्चचा बेत अधिकच पक्का झाला. भिंती वाळायला हव्यात, विम्याचे कागद, नवी गादी. आता काय, घाई कशाला?

दसऱ्यानंतरचा सोमवार

१४ ऑक्टोबर. गरबे नुकतेच संपलेले, गावाला अजून झोप पुरलेली नाही. बाबा माझ्याकडे आले ते एनआरओ खात्याच्या फॉर्मवर सही कोणाची लागते ते विचारायला. बोलता बोलता मी विचारलं, चिऊचा जन्म कधीचा?

"फेब्रुवारी २०१४."

माझी एक भाची बर्मिंगहॅमला असते. तिच्या मुलाच्या वेळी घरात जी रडारड झाली ती मला आठवत होती, म्हणून विचारलं. इंग्लंडात मुलाची इयत्ता ३१ ऑगस्टच्या वयावरून ठरते. चिऊ तिथल्या सहाव्या वर्षात, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात बसते. अकराव्या वर्षी मुलं माध्यमिक शाळेत जातात, पुढे पाच वर्षं तीच शाळा. आणि सप्टेंबर २०२५ च्या माध्यमिक प्रवेशाचा अर्ज करायची शेवटची तारीख होती ३१ ऑक्टोबर २०२४. जागांची पत्रं १ मार्चला निघतात; २०२५ मध्ये शनिवार आल्याने ३ मार्चला. उशिराचे अर्ज वेळेवरच्यांची वाटणी झाल्यावर बघतात. मार्चअखेर उतरलं असतं तर गाडी महिनाभर आधी सुटलेली असती.

बाबा म्हणाले, "पण तिचं इथलं वर्ष..." आणि थांबले.

इथलं पाचवीचं वर्ष तिकडे कोणी विचारत नाही. तिकडे मूल वयाप्रमाणे बसतं, निकाल दाखवून नव्हे. ज्या परीक्षेसाठी सगळा बेत मार्चवर अडकवला होता तिचा कागद तिथे कोणाच्या हातात द्यायचाच नव्हता. बहुतेक सरकारी शाळा जागेपेक्षा अर्ज जास्त आले की घरापासूनच्या अंतरावर प्रवेश देतात, आणि अंतर मोजतात ते मूल जिथे राहतं तिथून. आईने कौन्सिलला लिहून विचारलं. उत्तर सभ्य होतं: अर्ज जरूर करा, पण मूल इथे येईपर्यंत तिचा पत्ता बडोदा धरला जाईल. इथे राहू लागल्याचा पुरावा डिसेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत दिलात तर नवा पत्ता चालेल. बडोद्यापासून त्या शाळेचं अंतर सात हजार किलोमीटरच्या आसपास भरतं. त्या रात्री घरात कोणीतरी हसलं, ते बरं झालं.

आठ आठवडे

आईने २६ ऑक्टोबरला अर्ज भरला, सहा शाळांची पसंती देऊन. मग धावपळ. लग्नाच्या दाखल्याची नवी प्रत मिळायला नऊ दिवस. क्षयरोगाच्या तपासणीचं प्रमाणपत्र, त्यासाठी मान्यताप्राप्त केंद्रातच जावं लागतं. बाबांचा एक्सरे झाला, चिऊला अकरा पूर्ण नव्हती म्हणून तिचा काढला नाही. अहमदाबादला बोटांचे ठसे. व्हिसाचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. पाचशे पौंड जादा भरून तो आठवड्यात मागवता येतो. बाबांनी ते भरले नाहीत आणि अठरा दिवस झोपही घेतली नाही. वाचणार असलेले ९०५ पौंड अर्थातच गेले. पावणेतीन वर्षं उरली की पूर्ण तीन वर्षांचे पैसे द्यावे लागतात.

तिकडे आई घर शोधत होती. एकटीची खोली शाळेला दाखवून चालत नव्हती, कुटुंबाचा भाडेकरार हवा. घरमालकाला ब्रिटनमध्ये राहणारा जामीन हवा, नाहीतर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ. जामीन कुठून आणणार? ५,७०० पौंड भरले. बाबांच्या वडिलांच्या नावावरची एक मुदत ठेव त्यात मोडली.

आणखी एक गंमत त्याच दिवसांतली. आईच्या ओळखपत्रावर मुदत लिहिलेली होती ३१ डिसेंबर २०२४, व्हिसा मात्र २०२७ पर्यंतचा. ब्रिटनने ती प्लॅस्टिकची कार्डं बंद करून सगळं संगणकावर नेलं, म्हणून सगळ्यांच्या कार्डावर तीच तारीख होती. पण आजींनी फोटोत ती वाचली आणि दोन दिवस जेवल्या नाहीत. सुनेला नववर्षाच्या दिवशी बाहेर काढणार, असा त्यांचा समज. कोणी त्यांना समजावून सांगायला बसलंच नव्हतं.

८ डिसेंबरला बाबा आणि चिऊ उतरले. ११ तारखेला पुरावा दिला. दोन दिवस हातात ठेवून.

आजी

इथे माझी स्वतःची चूक लिहितो. त्या आठ आठवड्यांत मी बाबांच्या मागे इतका लागलो, हा कागद झाला का, तो झाला का, की घरातल्या चौथ्या माणसाचं काय हा प्रश्न मीही विचारला नाही. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक फाइलीत मी सेवापुस्तक पाहिलं, आईवडील कधी पाहिले नाहीत. तो रकानाच नसतो.

आजींना कुटुंबाचा भाग म्हणून नेता येतच नव्हतं. कामाच्या व्हिसावर नवरा किंवा बायको आणि मुलं येतात, आईवडील नाहीत. म्हाताऱ्या आईसाठी वेगळा मार्ग कायद्यात आहे, पण त्याच्या अटी अशा की नोकरीसाठी नव्याने गेलेल्या माणसाला तो उपयोगाचा नाही. राहिला पाहुण्यांचा व्हिसा, एका वेळी सहा महिने. सगळ्यांनी मनात धरलं होतं की त्या पुण्याला लेकीकडे जातील. लेकीने खोलीही रिकामी केली होती. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिकीट काढायची वेळ आली तेव्हा आजी म्हणाल्या, "मी पुण्याला जाणार नाही. तिथे माझ्याशी गुजराती कोण बोलणार?"

बाबा हसले. मी हसलो नाही. बडोद्यातल्या मराठी म्हातारीला भाजीचा भाव गुजरातीतच करता येतो, रिक्षावाल्याशी भांडण गुजरातीतच जमतं, भजनी मंडळात निम्मी भजनं नरसी मेहतांची. पुण्यात त्या पाहुण्याच राहिल्या असत्या. मग त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "दोन महिने तुम्ही सगळे कागद वाळवताय. मला विचारलंत का कुणी?"

कागद त्यांनीच वाळवले होते. ते कोणी बोललं नाही.

शेवटी त्या कारेलीबागेतच राहिल्या. रात्री झोपायला एक बाई येतात, दिवसा वरच्या बेन. डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत झालं; लेक पुण्याहून येऊन तीन आठवडे राहिली. बाबा त्या दिवशी तिकडे एका गोदामात नोकरीच्या मुलाखतीला होते.

तिकडे

माध्यमिकच्या आधीच्या शाळेत, म्हणजे प्राथमिकला, चिऊला जानेवारीत जागा मिळाली, घरापासून दीड मैलावर. पहिले सहा आठवडे ती वर्गात बोलली नाही. गणितात पुढे होती, पाढे ऐकून बाईंनी दुसऱ्या एका वर्गातली मुलं बोलावून ते त्यांनाही ऐकवले म्हणे. पण उतारा वाचून "या मुलाला आत्ता काय वाटत असेल आणि तुला ते कोणत्या शब्दांवरून कळलं" असं विचारलं की ती कागद कोरा ठेवायची. बडोद्यात उताऱ्याचं उत्तर उताऱ्यात असतं. फेब्रुवारीत तिच्या बाकावर मिडलंड्समधल्याच लेस्टर शहराहून बदलून आलेली एक मुलगी बसली, आजोळ आणंदकडचं. मधल्या सुटीत दोघी गुजरातीत बोलायला लागल्या आणि मग चिऊ इंग्रजीतही बोलायला लागली. शाळेच्या फॉर्ममध्ये घरची भाषा लिहायला एकच रकाना होता. बाईंनी गुजराती लिहिलं होतं. चिऊने ते खोडून स्वतःच्या अक्षरात मराठी लिहिलं.

३ मार्चला दुसऱ्या पसंतीची माध्यमिक शाळा मिळाली, वीस मिनिटं चालत. त्याच रस्त्यावर फेब्रुवारीत आलेलं एक केरळी कुटुंब आहे. त्यांचा मुलगा दोन बस बदलून जातो. मे महिन्यात सहाव्या वर्षाच्या राष्ट्रीय परीक्षा झाल्या, चिऊने त्या दिल्या, निकाल बेताचा.

बाबांचं सांगायचं तर, सोबत गेलेल्या जोडीदाराला तिथे कोणतंही काम करता येतं, व्यावसायिक खेळाडू किंवा खेळाचा प्रशिक्षक सोडून. "तेवढं चालेल," बाबा म्हणाले. चाळिसातली अकरा गिऱ्हाईकं टिकली, तीही त्यांच्या भिडेखातर. चार महिने ते घरी होते. सकाळी चिऊला सोडायचं, दुपारी आणायचं, मधे इंग्रजी थंडी. इकडे ज्याला बाजारातले लोक वाटेत थांबवून सल्ला विचारतात, त्याला तिथे नोकरीच्या अर्जात "स्थानिक अनुभव" या रकान्यात काय लिहावं कळेना.

काम शेवटी लेस्टरला मिळालं. १९७२ साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, आमच्याकडे येऊ नका म्हणून. लोक आलेच. आज बेलग्रेव्ह रोडवर साड्या, सोनं, फाफडा सगळं मिळतं. तिथल्या एका किराणा मालाच्या घाऊक व्यापाऱ्याला हिशेबनीस हवा होता. वडील कंपालाहून आलेले, घरात अजून पन्नास वर्षांपूर्वीची चरोतरी, म्हणजे आणंदकडची, गुजराती. बाबांनी तोंड उघडताच मालक म्हणाला, "बरोडाना मराठी छो? तो तो आपणा ज कहेवाओ." बडोद्याचे मराठी, म्हणजे आपलेच. आठवड्याला तीन दिवस, ताशी पगार. बाबांनी तिथल्या हिशेबनिसांची एक परीक्षाही द्यायला घेतली आहे. कारेलीबागेतल्या मराठी माणसाची मिडलंड्समध्ये पत ठरली ती गुजरातीवर. आजींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मी पुण्याला कशाला जायचं होतं?"

आजींना रोज फोन येतो, शाळा सुटल्यावर चालताना. हिवाळ्यात बडोद्यात तेव्हा पावणेनऊ वाजलेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली आणि फोन पावणेआठलाच वाजायला लागला, नेमका आरतीत. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं काहीतरी वाईट झालंय. आता त्यांनी आरती साडेसातला घेतली आहे. ऑक्टोबरअखेर पुन्हा बदलायची.

आता

आईचं संशोधन बरं चाललंय. त्याबद्दल मला कळतं ते इतकंच की दोन लेख आले आणि तिसरा अडकला. पुढचं मात्र पुन्हा तारखांचंच आहे. कॉलेजची रजा ऑगस्ट २०२६ ला संपते. नेमणूक ऑगस्ट २०२७ ला. कायम राहण्याच्या हक्कासाठी जी पाच वर्षं लागत ती दहा करायचा प्रस्ताव ब्रिटिश सरकारने मे २०२५ मध्ये मांडला, त्यामुळे "बघू, तिथेच राहू" हे वाक्य आता पूर्वीसारखं सहज बोलता येत नाही. आणि चिऊ? तिला नव्या शाळेत गोडी लागली आहे. २०२७ ला परत यायचं तर ती आठवी-नववीच्या मधे कुठेतरी इथे टेकेल आणि इथली दहावी डोळ्यांसमोर असेल.

परवा बाबांचा फोन आला. तिसऱ्या वर्षाच्या रजेचा अर्ज कसा लिहायचा ते विचारायला. मी मसुदा सांगितला, त्यांनी लिहून घेतला. नियमाप्रमाणे तो रजा संपायच्या तीन महिने आधी द्यायचा, म्हणजे मेअखेर. त्यांनी ती तारीख फोनमध्ये, भिंतीवर आणि वहीत लिहिली असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, मेमध्ये देऊ नकोस. मे महिन्यात कचेरी अर्धी सुटीवर असते आणि साहेब गावी गेलेले असतात. मार्चमध्ये दे, आणि पोचपावतीवर शिक्का मारून घे.

"मार्चमध्ये मी येऊ का स्वतः?" ते म्हणाले. "आईलाही भेटणं होईल."

मी म्हटलं, ते तू आजींना विचार.